क्रमांक ३७/१०० : पार्ल्यातल्या एका खणाचा हिशोब

पॅकर्सवाल्याने दिलेल्या फॉर्मात तीन रकाने होते : वस्तू, नग, किंमत. विम्याचा हप्ता तिसऱ्या रकान्यावर ठरणार होता. फ्रिज, वॉशिंग मशीन, आजीचं शिसवी कपाट इथपर्यंत वहिनी भराभर लिहीत गेल्या. मग दादाच्या टेबलाचा खालचा खण उघडला, त्यातून नऊ डबे निघाले आणि पेन थांबलं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. चार्टर्ड अकाउंटंट, वय ५८, मुक्काम विलेपार्ले पूर्व. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आणि तीन वर्षांसाठी अंधेरीत भाड्याने राहायचं ठरलं. पार्ल्यात आजकाल ज्याची इमारत पाडत नाहीत त्याचीच चौकशी करावी अशी वेळ आहे. एरवी हे डबे आणखी वीस वर्षं त्या खणात पडून राहिले असते. डब्यांत चाकू होते. घडीचे आठ, म्यानातला एक. बहुतेकांवर कुठे ना कुठे आकडा कोरलेला होता : इतक्यातला इतकावा.

वहिनींनी विचारलं, "हे सगळं कितीचं?" दादाने छताकडे पाहिलं. त्याच संध्याकाळी मला फोन आला.

मला का, तर मी व्हीजेटीआयमधून बाहेर पडल्यावर एकतीस वर्षं भांडुपच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात तिथे, काढली. पोलाद, त्याला दिलेलं पाणी आणि धार यांच्याबद्दल घरात कुणी बोलायचं तर मीच. संग्राहक मात्र मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. या निकालात तो पूर्वग्रह आहे.

काय होतं खणात

दादाने पावत्या ठेवल्या होत्या. सीएच तो. अकरा वर्षांची खरेदी, एकूण ४,००,६०० रुपये. वहिनींनी तो आकडा एकदाच मोठ्याने वाचला आणि चहा टाकायला आत गेल्या.

सगळ्यात महाग एक टायटॅनियमच्या मुठीचा घडीचा चाकू. पातं साडेतीन इंच, डमास्कस म्हणजे लाटांसारख्या रेघांच्या नक्षीचं, मुठीत शिंपल्याची जडण, क्रमांक ३७/१००. घेतला २०२१ मध्ये. याच कंपनीचा, याच मापाचा साधा भाऊही होता : पातं बिननक्षीचं, मूठ कोरी, आकडा नाही. तो दादा रोज वापरतो, कुरियरची खोकी उघडायला. तिसरा म्यानातला, एका अमेरिकन कारागिराने हाताने घडवलेला, मूठ सांबरशिंगाची. दोन स्विस व्हिक्टोरिनॉक्स, दोन्ही डमास्कस पात्याचे, क्रमांकित. उरलेले चार म्हणजे नेहमीच्याच मॉडेलांचे वेगळ्या रंगाच्या मुठीतले अवतार. कंपन्या असे थोडे नग काढतात आणि जाहिरातीत 'पुन्हा निघणार नाही' असं छापतात.

प्रश्न नऊंचा असला तरी खरा वाद ३७ नंबरवर झाला, म्हणून मी तिथेच जास्त थांबणार आहे.

३७ नंबरची पावती

चाकूची किंमत १,००० डॉलर, तेव्हाचे साधारण ७४,००० रुपये. पाठवणी ३,५००. सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) मिळून ५९,९००. घरात आला तेव्हा १,३७,४००.

साधा भाऊ ४५० डॉलरचा. त्याच हिशोबाने घरपोच ६५,२००.

म्हणजे नक्षी, शिंपला आणि आकडा यांचे मिळून ७२,२०० रुपये.  त्यातले कंपनीला गेले ५५० डॉलर, बाकीचा त्या फरकावर बसलेला कर. दादा इतरांचे कर भरून देतो, पण हा आकडा त्याने कधी वेगळा काढून पाहिला नव्हता. "अरे, मी एकटाच चाकू घेत नव्हतो, सरकारलाही अर्धा घेऊन देत होतो," असं तो म्हणाला. मुंबईत बसून परदेशी संग्राह्य चाकू घेणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, कारण ओहायोतल्या संग्राहकाला पडते ती किंमत आणि आपल्याला पडते ती किंमत ही एका वस्तूची किंमतच नव्हे. तिकडच्या लोकांचं 'किंमत टिकून राहते' हे वाक्य आपल्याला लागू करताना ५९,९०० आधीच बुडीत धरावे लागतात.

आता ५५० डॉलरमध्ये काय आलं ते पाहू.

डमास्कस हा शब्द आधी साफ करतो. डब्यातल्या पत्रकात 'प्राचीन दमास्कसचं हरवलेलं रहस्य' वगैरे मजकूर होता. ज्या पोलादाने हे नाव कमावलं ते मुशीत वितळवलेलं उक्कू, ज्याला इंग्रजांनी वूट्झ केलं. ते दक्षिण भारतात, आजच्या तेलंगण-तमिळनाडूच्या गावांत तयार व्हायचं आणि पश्चिमेला जायचं. आपल्या जुन्या तलवारींच्या पात्यावर जे पाणीदार जौहर, म्हणजे लाटांसारखी नक्षी, दिसतं ते त्याच जातीचं. १९९८ मध्ये धातुशास्त्रज्ञ व्हर्होवेन आणि चाकू-कारागीर पेंड्रे यांनी दाखवून दिलं की ती नक्षी धातूत नकळत आलेल्या व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांच्या अत्यल्प अंशामुळे उमटते. आजच्या चाकूंवरची नक्षी वेगळ्या वाटेने येते : दोन जातींच्या पोलादांचे थर तापवून एकजीव करायचे, पिळायचे, कापायचे, पुन्हा ठोकायचे, आणि शेवटी आम्लात बुडवायचं. निकेल असलेला थर चकचकीत राहतो, दुसरा काळा पडतो. अमेरिकेत ही कला पुन्हा चर्चेत आणण्याचं श्रेय बिल मोरान या कारागिराला देतात. १९७३ च्या चाकू-कारागिरांच्या प्रदर्शनात त्यांनी अशी पाती मांडली होती. कला सुंदर आहे, मला स्वतःला आवडते. पण ३७ नंबरचं पातं कुणी भट्टीपाशी उभं राहून घडवलेलं नव्हतं. ते स्वीडनच्या डमास्टील कंपनीच्या पट्टीतून कापलेलं. दोन स्टेनलेस पोलादांची पावडर थराथराने दाबून तयार होणारी ती पट्टी कोणताही कारागीर विकत घेऊ शकतो. चांगला माल आहे, गंजायला सहज तयार होत नाही. मात्र एका पात्यापुरत्या तुकड्याची किंमत ५५० डॉलरच्या जवळपासही जात नाही.

शिंपल्याची जडण मात्र मी भिंगाखाली बराच वेळ पाहिली. टायटॅनियममध्ये खोबण कोरून तिच्यात शिंपल्याचा तुकडा बसवलेला, आणि सांध्यावरून नख फिरवलं तर अडकत नाही. शिंपला ठिसूळ असतो, बसवताना किती तुकडे वाया जातात ते बसवणाऱ्यालाच ठाऊक. हे काम हाताचं आहे आणि त्याचे पैसे मला खटकले नाहीत.

राहिला आकडा. ३७/१००.

शंभरातला सदतिसावा

इथे दादा आणि मी खरे भांडलो.

त्याचं म्हणणं, शंभरच आहेत म्हणून किंमत आहे. माझं म्हणणं, शंभरच का आहेत ते विचार. बॉब लव्हलेस हा अमेरिकन कारागीर २०१० मध्ये गेला. त्याच्या हातचा चाकू आता आणखी एक निघणं शक्य नाही. ती टंचाई कुणी ठरवलेली नाही. २०२३ च्या मे महिन्यात लंडनला बोनहॅम्सच्या लिलावात टिपू सुलतानाच्या शयनगृहातली तलवार १ कोटी ४० लाख पौंडांना गेली, कारण टिपू एकच होता. ३७ नंबर शंभरांत मोडतो तो एका बैठकीत कुणी तरी शंभर म्हटलं म्हणून. त्या बैठकीत दीडशेही ठरले असते.

यावर दादाने तोंड वाकडं केलं. पण पुढची माहिती त्यानेच दिली, जरा खालच्या आवाजात. चौदा महिन्यांनी त्याच कंपनीने तोच चाकू पुन्हा काढला होता. शिंपला काळ्या छटेचा, नक्षी जरा वेगळी, नाव 'दुसरी मालिका', पुन्हा १ ते १००. कंपनीने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पहिली मालिका शंभराचीच राहिली. तरी ३७ नंबरचे दोन झाले.

कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण या धंद्यात हे सर्रास चालतं आणि एकालाच वेगळं काढून बोलणं बरोबर नाही.

कापून पाहिलं

वहिनींना यातलं काहीच पटेना. त्यांचा प्रश्न सरळ होता : "भाऊजी, हा चांगला कापतो का?"

३७ नंबर कापून पाहायला दादाने साफ नकार दिला. न वापरलेला, कारखान्याची धार अजून अंगावर असलेला नग आणि एकदाही काही कापलेला नग, यांच्या भावात फरक पडतो. मी पोलादाचा कडकपणा मोजायची तयारी दाखवली, भांडुपला अजून माझी ओळख आहे. पण रॉकवेल यंत्राचं हिऱ्याचं टोक १५० किलोच्या दाबाने पात्यावर टिंब उठवतं. म्हणजे चाकू चांगला आहे हे सिद्ध करायचं तर तो बिघडवायचा. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलं, पण तपासता येत नाही असं हत्यार तोवर पाहिलं नव्हतं.

मग साध्या भावाला पुढे केलं. त्याचं पातं एस३५व्हीएन या पावडर-पोलादाचं. हे पोलाद बनवणारी न्यूयॉर्क राज्यातली क्रुसिबल कंपनी २०२४ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हापासून 'जुन्या क्रुसिबलचं पातं' असंही एक बिरुद विक्रेते लावू लागले आहेत, असो. समोर दादाचाच जुना साधा स्विस चाकू, ज्याचं पोलाद मुद्दाम मऊ ठेवलेलं, साधारण ५६ रॉकवेलचं. आणि तिसरी वहिनींची दादरहून आणलेली सुरी. दोनशे रुपयांची, मूठ प्लास्टिकची.

काथ्याच्या दोरीवर निकाल अपेक्षित लागला. स्विस पातं पन्नासेक कापांनंतर वर्तमानपत्र कापण्याऐवजी फाडू लागलं, महागडं दीडशेच्या पुढे गेलं. दादा खूश.

मग वहिनींनी कैरी आणली. ६५,२०० रुपयांच्या चाकूने कैरी कापली गेली नाही, फुटली. पात्याची पाठ जवळजवळ चार मिलिमीटर जाड. आत शिरल्यावर ते पाचरीसारखं वागतं. दादरच्या सुरीची पाठ दीड मिलिमीटर. तिने कागदासारख्या चकत्या काढल्या. कापणं ठरतं पात्याच्या आकाराने, ती धार टिकणं ठरतं पोलादाने, आणि खिशातल्या चाकूचा आकार मुळात कैरीसाठी नसतोच. त्यामुळे ही तुलना दादावर अन्याय करणारी होती हे मान्य. पण वहिनी तोवर विळी घेऊन बसल्या होत्या आणि उरलेल्या कैऱ्या संपत आल्या होत्या.

धारेच्या बाबतीत माझं मत असं झालं : पोलादाच्या दर्जावर खर्च केलेला पैसा एका मर्यादेपर्यंतच हाताला जाणवतो, आणि ती मर्यादा साध्या भावाच्याही बरीच अलीकडे येते. ३७ नंबरने त्यात कणभर भर टाकलेली नाही. उलट पावडर-पोलादाची पाती आपल्या सायकलवरच्या धारवाल्याच्या दगडाला सहज दाद देत नाहीत. त्यांना हिऱ्याचे दगड बरे पडतात, ते वेगळे घ्यावे लागतात.

विकायला काढल्यावर

भांडण मिटवायला बाजारच विचारावा असं ठरलं. दोन महिने हातात होते.

परदेशी विक्रेत्याकडून ३७ नंबरला ८५० डॉलरचा अंदाज आला. पाचव्या हिश्शाचं कमिशन वजा जाता हातात सत्तावन्न हजारांच्या आसपास. पण चाकू पाठवायचा कसा? तीन कुरियरवाल्यांनी वस्तूचं नाव ऐकूनच नको म्हटलं. परत पाठवणीचा खर्च, वाटेतली जोखीम आणि तिकडचं शुल्क धरल्यावर तो रस्ता बंद.

देशात हिशोबाने तरी चांगला भाव यायला हवा होता. इथे कुणाला नवा मागवायचा तर त्यालाही कर भरावाच लागणार. मग कर भरलेला, पेटीबंद नग त्याने लाखाला का घेऊ नये? कागदावर हे बिनचूक आहे. पण त्यासाठी घेणारे हवेत. दोन महिन्यांत तिघांनी विचारलं. एकाने फोटो मागवून उत्तर दिलं नाही, एकाला दुसरी मालिका हवी होती, आणि पुण्याच्या एका डॉक्टरांनी ६०,००० म्हटलं. तेच पक्कं गिऱ्हाईक.

दादा मग चोर बाजारातही जाऊन आला, मटण स्ट्रीटवर. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने चाकू तीनदा उघडला-मिटला, शिंपल्यावर अंगठा फिरवला, 'माल अच्छा है' म्हणाला आणि चार हजार सांगितले. दादा दुखावला. मला मात्र त्यात लबाडी दिसली नाही. त्या दुकानात येणाऱ्या माणसाला ३७/१०० म्हणजे काय ते माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो त्या दुकानात येत नाही.

स्विस चाकूंचं उलटं झालं. दोन मिळून ४६,००० ला घेतलेले. पहिल्याच आठवड्यात ४४,००० ची मागणी आली, तीही शेजारच्या सोसायटीतून, मुलाच्या मुंजीत भेट द्यायला म्हणून. व्हिक्टोरिनॉक्सही दरवर्षी काही हजार नगांची क्रमांकित डमास्कस आवृत्ती काढते, म्हणजे शंभराच्या मानाने रेलचेलच. पण स्विस चाकू म्हणजे काय हे पार्ल्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. नग किती निघाले यापेक्षा तो ओळखणारे आपल्या गावात किती, यावर भाव जास्त ठरला.

रंगीत मुठींच्या चौघांवर ९२,००० गेले होते, मागणी ४५,००० पर्यंत. त्यांच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही. साध्या भावाचे, ओरखड्यांसकट, ३५,००० आले असते.

दादाने मध्येच एक खास सीएचा मुद्दा काढला. आयकरात स्वतःच्या वापराच्या चीजवस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. मग जो चाकू वापरायचाच नाही या बोलीवर घेतला, तो वापराचा म्हणायचा का? तोट्यातच विकायचा असल्याने प्रश्न तसाच राहिला, पण तो त्यावर अर्धा तास रंगला होता.

सांबरशिंग

म्यानातला चाकू २०१६ मध्ये दादाने अमेरिकेत, कारागिराच्या हातून ६०,००० रुपयांच्या डॉलरला घेतला आणि चेक-इन बॅगेतून आणला. नऊंतलं खरं हातकाम हेच. थर स्वतः कारागिराने ठोकलेले, मूठ हातात अशी बसते की ठेवावीशी वाटत नाही. जरा आनंदाने मी म्यान काढलं आणि पोटात गोळा आला. पात्यावर नाण्याएवढे काळे-तांबूस डाग. हे पोलाद स्टेनलेस नव्हे, आणि नऊ पावसाळे ते चामड्याच्या म्यानात बसलं होतं. चामडं ओल धरतं. मुंबईत कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी येते हे ठाऊक असलेला माणूस चाकू चामड्यात ठेवतो, याला काय म्हणावं! पातं म्यानाबाहेर काढून, पातळ तेलाचा हात देऊन, सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवलं असतं तर खर्च शंभर रुपयांचाही नव्हता.

पण गंज ही छोटी गोष्ट निघाली. सोबतच्या कागदावर कारागिराने अभिमानाने लिहिलं होतं : मूठ अस्सल भारतीय सांबरशिंगाची. परदेशी संग्राहकांना हे शिंग फार प्रिय, आणि भारताने निर्यात बंद केल्यापासून तिकडे त्याचा भाव चढलेला. इकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते विकणं हा गुन्हा, आणि बाळगण्यावरही प्रश्न येऊ शकतो. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तो तिथे मौल्यवान, नेमक्या तिच्यामुळे इथे त्याची किंमत शून्य. मी दादाला सांगितलं, याचा फोटो कुणाला पाठवू नकोस, आधी वकिलाला भेट.

हत्यार कायद्याची भीती वहिनींना वाटत होती. ती त्या मानाने कमी होती. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि यातलं एकही पातं चार इंचांच्या पुढे नाही. पण मुंबईत पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात आणि सार्वजनिक जागी चाकू घेऊन फिरण्यावर त्यांत बंदी असते. मेट्रोच्या यंत्रात बॅग टाकली की संग्राहक आणि गुंड सारखेच दिसतात.

तिसरा रकाना

शेवटी मी वहिनींना दिलेले आकडे असे : ३७ नंबर ६०,०००, साधा भाऊ ३५,०००, स्विस जोडी ४४,०००, रंगीत चौघे ४५,०००, सांबरशिंग काही नाही. बेरीज १,८४,०००. दादाने सोन्याशी तुलना करायला घेतली ती मी करू दिली नाही. सोन्याने कुणाला संध्याकाळी भिंग घेऊन बसल्याचं समाधान दिल्याचं ऐकिवात नाही.

३७ नंबर त्या किमतीला घ्यावा का, असं मला कुणी विचारलं तर मी नको म्हणेन. शिंपल्याच्या कामासाठी वीसेक हजार जास्त मोजायला हरकत नव्हती. उरलेले आकड्यासाठी गेले, आणि तो आकडा परत विकत घेणारा माणूस या शहरात भेटला नाही. साठ हजारांचा कारागिराचा चाकू मी पुन्हाही घेऊ दिला असता, वेगळ्या मुठीचा. साधा भाऊ महाग आहे, पण त्याने अकरा वर्षांच्या खरेदीत एकट्याने काम केलं. दादाला यातलं पहिलं वाक्य मान्य नाही. तो म्हणतो, पुण्याचे डॉक्टर भेटले ना?

डॉक्टरांना त्याने नकार कळवला. स्विस जोडीतला एक मुंजीला गेला, दुसरा त्याने ठेवून घेतला. सांबरशिंगासाठी वकिलाची वेळ पुढच्या मंगळवारची आहे.

फॉर्म भरताना वहिनींनी मला विचारलं, १,८४,००० लिहू का. मी म्हटलं, यांना ट्रकमध्ये टाकूच नका, मी माझ्या गाडीतून नेतो. मग त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं : विळी, नग १, किंमत रु. ४५०.